बेडकाची शेपूट कुठं गेली

गुरुजी, चौथीत पोत्यावर बसनारी, तुमच्या चालीची नक्कल करनारी पोरगी मीच. आता माझी नात कॉलेजात जाती, मालक जाऊन बी लई वर्षं झाली, आन् तुमी तर त्येंच्याबी आधी गेलाव. तरी आज जुनं भांडन उकरून काढायला बसलेय. तुमी चुकला होताव आन् मी बरोबर होते. ह्ये मला उमरग्याच्या डॉक्टरीनबाईनं सांगितलं, म्हंजी साक्षीदार बी हाय.

वड्याच्या डबक्यातली बेडकाची पिल्लं तुमी काचेच्या बरनीत आनून वर्गाच्या खिडकीत ठिवली होती. मला तर येडच लागलं त्येंचं. आदी मागचे पाय फुटत्यात, मंग पुढचे, शेपूट रोज जराजरा आखूड. मी इचारते, "गुरुजी, शेपूट कुठं जाती ओ?" तुमी फळा पुसता पुसता म्हनता, "गळून पडती. पिकलं पान पडतं तशी." "मंग बरनीत दिसना का?" "तुझ्यावानी खादाड बेडूक आसंल, त्यानं खाल्ली." सारा वर्ग हसला. मी न्हाय हसले. दुसऱ्या दिवशी आईची पिठाची चाळनी दप्तरात घालून आनली, बरनीतलं पानी तिच्यातून गाळलं, आन् भर वर्गात म्हनलं, "पाच बेडकं, शेपूट एक बी न्हाय. तुमीच दावा शोधून." तुमचं तोंड लालबुंद. "लई शानी झालीस!" म्हनून शाळा सुटंपतूर मला भाईर उभं केलं. घरी चाळनीपायी आईनं धुतलं त्ये येगळंच. चार दिवस आमच्या भाकरीला डबक्याचा वास येत होता.

पन गुरुजी, शाळा सुटल्यावर पाटी राहिली म्हनून मी माघारी आले होते. दारातून बघितलं तर तुमी एकटेच, बाह्या सारून, बरनीतला गाळ काडीनं उपसत बसलेले. मी पावलं न वाजवता पळाले. दुसऱ्या दिवशी तुमी माझ्या हातात एक भिंग ठिवलं. "ठिव. बघत जा." बास, यवढंच. चुकलो म्हनाला न्हाईत.

औंदा माझ्या मानंत गाठी आल्या, अंगात ताकद राहीना. तपासन्या झाल्या. डॉक्टरीनबाई पोरसवदा हाय, समजावून सांगती. म्हनली, "आजी, तुमच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरायचं विसरल्यात."

"मंग चांगलंच हाय की. मला बी इसरायचंच हाय त्ये."

हसली, पन सोडलं न्हाय तिनं. अंगातल्या दर पेशीचं मरन ठरलेलं आसतंय म्हने. पेशीत दोन जातीची प्रोटीनं आसत्यात. मी म्हनलं, प्रोटीन म्हंजी डाळ न्हवं का? ती म्हनली, डाळीतलंच, पन हितं त्ये कामाला लागलेलं. एक जात पेशीला म्हनती, "चल, तुजी येळ झाली." दुसरी म्हनती, "थांब, बस आजून." माझ्या रक्तात ही 'बस बस' म्हननारी जात लई माजलीया. जुन्या पेशी उठंनात, नव्याला बसायला जागा न्हाय. म्या म्हनलं, "आमचा जुना सरपंच!" तिनं तोंडाला रुमाल लावला.

आन् मंग मला एकदम बरनी आठवली. इचारलं, "बाई, बेडकाची शेपूट?" ती खुर्चीतून उठलीच. "आजी, अगदी तेच! शेपटीतल्या पेशींना मरायचा हुकूम येतो. शेपूट जागच्या जागी विरते, अंगातच जिरते. गळून पडत नाही." म्या मांडीवर थाप मारली. गुरुजी, हरलाव!

लगेच वाईट बी वाटलं. शेवटच्या साली मी भेटायला आले, तर तुमी मला वळखलं न्हाय. माझ्याकडं बघून हात जोडलेत, पाव्हन्यासारखं. त्येचं बी इचारलं. ती म्हनली, तिथं उलटं होतं, राहायच्या त्या मेंदूतल्या पेशीच जात्यात. का जात्यात? "पुरतं माहीत नाही आजी." किती सहज म्हनली. तुमाला यवढं एक वाक्य आयुष्यात जमलं न्हाय.

मला बी जमंना, म्हनून तर लिव्हायला बसले. तिनं गोळ्या दिल्यात. 'बस' म्हननाऱ्या प्रोटीनाचं तोंड बांधनाऱ्या. पहिल्या आठवड्याला बारीक, मंग दर आठवड्याला मोठी. एकदम मोठी घेतली तर पेशी एकदम मरत्यात, त्येंचा कचरा किडनीत तुंबतो, जिवावर बेततं. म्हनून पानी प्यायचं, रक्त तपासायचं. सून तांब्यावर तांब्या पाजती. रक्त तपासलं, डॉक्टरीनबाई खूश. "रक्त अगदी शांत. सोमवारपासून दुसरं पाकीट."

शांत राहील न्हाय तर काय. म्या एक बी गोळी घेतली न्हाय. रोज गालात धरायची आन् सून वळली की पदरात. मरायचा हुकूम आंगात सोडायचा, आन् त्यो भलत्याच दारात गेला तर? चेष्टा करून साऱ्यांना हसवलं, पन गोळी घशाखाली उतरंना. आन् उद्या सोमवार. पहिली न घेता दुसरी पोटात गेली तर बाईनं सांगितलं तेच व्हायचं. न्हाय घेतली तर गाठी हैतच.

आत्ताच सून आली. "आत्याबाई, कुनाला लिव्हताव?"

"माज्या मास्तराला."

"त्ये तर कवाच वारले की!"

"म्हनून तर. जित्या मानसाला सांगायचं धाडस न्हाय."

ती माझ्याजवळ येऊन बसली. मंग म्या ट्रंकेतल्या चिंधीतून साती गोळ्या काढून तिच्या तळहातावर ठिवल्या. बया वरडंल वाटलं. वरडली न्हाय. फोन लावला आन् माझ्या कानाला धरला. म्या म्हनलं, "बाई, चुकले. एक बी घेतली न्हाय." पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मंग म्हनली, "बरं झालं सांगितलंत. दुसरं पाकीट उघडू नका. उद्या या, पहिल्यापासून सुरू करू, माझ्यासमोर."

ह्ये पत्र कुठं टाकायचं, तुमचा पत्ता कुनाकडं हाय? ट्रंकेत ठिवते. एक तेवढं सांगते, सुनंला बी ठावं न्हाय. फोन ठिवल्यावर मी मोरीत गेले, नळ मोठा सोडला आन् पोटभर रडले.