दुसऱ्या खेळाडूचे पैसे वेगळे

आण्णा,

डोकं फिरलंय, आणि सांगायला तुम्हीच आठवलात. तुमची नात परवा नोकरीसाठी बंगलोरला चाललीय. ती रोज दार लोटून एकटीच व्हिडिओ गेम खेळते, आणि तिच्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही. म्हटलं, जायच्या आधी एकदा तरी तिच्याबरोबर खेळू. म्हणून काल संध्याकाळी गेम विकत घेतला. विकत कसला, हातात काहीच नाही, नुसता डाउनलोड. तो उतरेपर्यंत ताटकळलो, आणि पडद्यावर काय यावं? दुसरा खेळाडू हवा असेल तर पैसे वेगळे! अहो, लग्नाचं आवतण द्यायचं आणि पंगतीत बसायचे पैसे मागायचे, असला प्रकार. भरले, काय करणार. बरं, कुठलं बटण कशाला, ते सांगणारी साधी पुस्तिका नाही. पोरगी म्हणते, "बाबा, खेळता खेळता कळतं हो." मला नाही कळत! पिंपळगावला कोल्ड स्टोरेजची एवढी मशिनं सांभाळतो, आणि इथं सारखा तिलाच दरीत ढकलत होतो.

मी लहान असताना एकदा तुम्ही मनमाडची ड्युटी संपवून नाशिकरोडला घरी आला होतात, पिशवीत टीव्हीला जोडायचा गेम. मी वायर ओढतोय, आणि तुम्ही बारकी पुस्तिका घेऊन खाटेवर बसलाय. "हात लावू नको. आधी वाचू." मिक्सर आला तेव्हाही हेच. कुंकू लावायचं, पुस्तिका पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायची, इंग्रजीचं मराठी करत करत, आणि मगच बटण. आई आतून ओरडते, "आटपा तुमची पोथी, भाकरी गार होतेय." मला इतका राग येतो तुमचा! आणि तुम्ही आपले शांतपणे वाचताय, "लाल बटण दाबावे, मात्र जोरात दाबू नये."

काल रागाच्या भरात मी त्या गेमवाल्या कंपनीला तक्रार लिहिली, चांगली लांबलचक. लगेच ठरीव उत्तर आलं, आपला अभिप्राय मोलाचा आहे. मोलाचा, डोंबल! पोरगी ते वाचून खो खो हसली. मग खुर्ची ओढून शेजारी बसली आणि माझा अंगठा धरून एकेक बटण दाखवायला लागली. "ही उडी. हे थांबायचं. आता माझ्या मागं या, पुढं पळू नका." इतकं सलग ती माझ्याशी कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

आज दुपारभर खेळलो. ती आता बाजारात गेलीय आणि माझं कशात म्हणून लक्ष लागत नाही. तिची भरलेली बॅग दिसली की उगाच उठतो, पाणी पितो, परत बसतो. हे पत्रही आता तुमच्या कुठल्या पत्त्यावर टाकणार, राहील असंच टेबलाच्या खणात. फक्त एक, आण्णा, तिला कळता कामा नये. सगळी बटणं मला कालच पाठ झालीत. तरी दर खेपेला विचारतो, "उडी कुठली गं?"