टिल्लूच्या कादंबरीचा शेवट

३ मार्च
जळतोय? मी? आणि तेही टिल्लूवर? हे बघ डायरी, तोंड सांभाळून. कॉलेजात माझ्या नोट्सवर पास झालेला माणूस तो. आता सायकॉलॉजिकल थ्रिलर लिहिलीय म्हणे, लोक उड्या मारून घेतायत. घेऊ देत. मीही मिक्सरची माहितीपत्रकं लिहितोच. प्रत्येक मिक्सरसोबत एक जातं.
बायको वाचतेय. भाजी करपली तरी वाचतेय.
संकल्प: हात लावायचा नाही.

५ मार्च
हात लावला. शत्रूचा अभ्यास. बायकोची प्रत घरात आहे, पण मागणार कोण? आमची पत्रकं जिथे बांधतात तिथेच टिल्लूची कादंबरीही बांधतात. तिथल्या बाइंडरकाकांच्या टेबलाखालून एक उचलली. काका मागून ओरडत होते, अहो ती नको, ती बाजूला काढलीय! चांगला माल बाजूलाच काढतात. मला काय कळत नाही?

९ मार्च
संपली. ठीक. बसमध्ये माझा स्टॉप चुकला, पण ती ड्रायव्हरची चूक.
शेवट मात्र! नायिकेला कळतं की रोज जिन्यात पावलं वाजवणारा माणूस घरातलाच आहे. ती कडीला हात लावते आणि पुस्तक खल्लास. वाक्यसुद्धा अर्धं! शुद्ध आळस.

१० मार्च
ऑफिसात नवं पत्रक. लिहिलं, 'झाकणाला हात लावा आणि'. पुढे सुचेना. डोक्यात तीच कडी.
च्यायला, हे मला का नाही सुचलं?
खोडलं. आळसच.

१२ मार्च
बायकोची वाचून झाली. डोळे पुसत होती. शेवटी किती रडवलं रे त्याने, म्हणाली. मी म्हटलं, कडीला हात लावला त्यात रडण्यासारखं काय? तिने पुस्तक मिटलं. मग म्हणाली, तू ना, दगड आहेस दगड.

१६ मार्च
उद्या वाचक मंडळात टिल्लूचा कार्यक्रम. मीही बोलणार. चिरफाड. बायको येतेय. येऊ दे, बघू दे.

१७ मार्च
बोललो. अर्ध्या वाक्यात पळून जाणारा लेखक भित्रा असतो, म्हटलं. हॉल चिडीचूप. प्रभाव! पुढच्या रांगेतल्या रिटायर्ड बाईंनी विचारलं, कुठलं हो अर्धं वाक्य? पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी त्यांचं उघडलं. त्यात पुढे आणखी सोळा पानं.
कुणीतरी फिस्सकन हसलं. बायको जमिनीकडे बघायला लागली. तेवढ्यात टिल्लू उठला, माझी प्रत घेतली, म्हणाला, अरे यार, माझ्यापेक्षा हाच शेवट भारी! नव्या आवृत्तीत ती सोळा पानं उडवतो.
टाळ्या. बायकोच्याही.
एकूण, मीच जिंकलो.

१८ मार्च
बायकोच्या प्रतीतली सोळा पानं वाचली. बाथरूममध्ये, कडी लावून.
ती दार उघडते. बाहेर तिचा म्हातारा बाप. झोपेत चालत येतो रोज, पोरीच्या दाराची कडी नीट लागलीय ना बघायला.
तोंड धुतलं. डोळ्यात साबण गेला होता.
आता ही पानं कुणी वाचणार नाही. माझ्यामुळे. खरं तर मजा वाटायला हवी.

२० मार्च
संकल्प: उद्या टिल्लूला स्पष्ट सांगायचं. शेवट उडवू नकोस. अप्रतिम आहे. मी अर्धवट प्रत वाचून तोंड चालवलं. आणि हो, जळतो तुझ्यावर. आरशासमोर प्रॅक्टिस केली. शेवटचं वाक्य सोडून सगळं जमतंय.

२१ मार्च
गेलो. दार त्यानेच उघडलं. आत गठ्ठे. नवी आवृत्ती. एक प्रत ओढून मागचं पान पाहिलं. म्हातारा बाप जागच्या जागी. टिल्लू मान खाजवत म्हणाला, अरे, ती मागच्या महिन्यातच छापायला गेली होती.
म्हणजे त्या दिवशी हॉलमध्ये त्याने चक्क माझी लाज राखली. आता हेही यालाच जमावं?
प्रत गठ्ठ्यावर ठेवली, पाठ केलेलंही तिथेच राहिलं. कसंबसं म्हटलं, शेवट बरा आहे.
त्याचं तोंड उघडेपर्यंत मी जिना उतरलो होतो.