अपत्याचे म्हणणे

प्रिय खारूताई,

आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच. तुझ्या आईने परीक्षा दिली आणि पहिल्या पेपरात शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर मार्क मिळवले. कसली म्हणशील, तर कौटुंबिक कायदा आणि नातेसंबंध समुपदेशन. एका वर्षाचा अभ्यासक्रम, दूरशिक्षणाने, घरबसल्या. गेले आठ महिने मंगळवारी संध्याकाळी तुझा फोन आला की दुकानात गर्दी आहे म्हणून मी ठेवून देत होते ना, ते सपशेल खोटं. तेव्हा मोबाइलवर माझा तास चालू असायचा. नापास झाले तर तू वर्षभर चिडवशील म्हणून लपवलं, आणि आता पोटात राहत नाही म्हणून लिहायला बसले.

हे खूळ दुकानातच लागलं. माप देताना बायका पाठमोऱ्या उभ्या राहिल्या की तोंड सुटतं त्यांचं. नवरा, सासू, वाटणी, कोर्टाची तारीख. पंचवीस वर्षं मी तोंडात टाचण्या धरून नुसतं हुं हुं करत आले. गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या बेकरीवालीने मला विचारलं, की घटस्फोटाच्या कागदावर सही केली तर माझा मुलगा माझ्याजवळ राहील का. मला काही म्हणजे काही सांगता आलं नाही. त्याच आठवड्यात फॉर्म भरला.

टपालाने पाच पुस्तकं आली, विटांएवढी. उरलेल्या अस्तराची कव्हरं घातली त्यांना. पहिला महिना सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मग युक्ती केली. एकेक मुद्दा चिठ्ठीवर लिहून मशीनसमोरच्या भिंतीवर टाचला, शिवता शिवता पाठ. त्यातली पोटगीची चिठ्ठी कशी कोण जाणे, एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात गेली. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊनच दुकानात हजर. चिठ्ठी तिला सापडली होती, आणि नवरा सांगतो तसं अक्षर खरंच माझं आहे का, हे ती माझ्याच तोंडून ऐकायला आली होती. मी पुस्तक काढून दाखवलं तेव्हा कुठे बिचाऱ्याचा जीव भांड्यात पडला. जाताना ती हळूच विचारून गेली, की या अभ्यासक्रमाचे फॉर्म पुन्हा कधी निघतात.

माझ्या वर्गात एक रिटायर झालेले बस ड्रायव्हर आहेत. भांडणाऱ्या जोडप्याला कसं हाताळाल असं बाईंनी विचारलं, तर म्हणाले, दोघांना मागच्या सीटवर बसवायचं आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत दार उघडायचं नाही. बाई हसल्या, पण मार्क दिले नाहीत. मला तर पहिल्या तासाला कॅमेरा कुठे धरायचा तेही कळेना, तासभर सगळ्यांनी माझं कपाळच पाहिलं. पण खरं सांगू, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती.

आता एकच काटा उरलाय. प्रात्यक्षिकाची वही. एका खऱ्या कुटुंबाची हकिकत नावं झाकून लिहायची, घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं वेगळ्या रकान्यात. मी एका नर्सची लिहिली. नवऱ्याशी पटेना, दोघं वेगळी झाली, नऊ वर्षांची मुलगी तिच्याजवळ राहिली. नवऱ्याचा रकानासुद्धा मी हात आखडता न घेता भरला आणि स्वतःवरच खूश झाले. वही परत आली. ‘अपत्याचे म्हणणे’ या रकान्यात मी लिहिलं होतं, लहान आहे, विचारले नाही, आईजवळ सुखी आहे. त्याखाली बाईंची लाल शाई: सुखी आहे हे कोणी सांगितले? महिनाअखेरपर्यंत वही दुरुस्त करून पाठवली नाही, तर सगळं वर्ष पाण्यात.

बाईंचा रागच आला मला. तशातच बेकरीवाली पुन्हा आली. या खेपेला मी टाचण्या काढून ठेवल्या आणि पुस्तकात शिकले तसं सांगितलं, की सहीचं नंतर, आधी मुलाजवळ बस. आई की बाबा असं विचारू नकोस, तुला काय हवंय एवढंच विचार. चार दिवसांनी ती आली ती रडत आणि हसत. मुलगा म्हणाला होता, दोन्ही घरी मला माझी सायकल हवी. ती आणि तिचा नवरा आता त्यावर बोलताहेत, सहा महिन्यांत पहिल्यांदाच. मला इतका आनंद झाला की दुकान लवकर बंद करून चालत घरी आले. आणि जिना चढताना तिसऱ्या पायरीवर पाय अडला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तुला एव्हाना कळलंच असेल, ती नर्स नव्हे, शिंपीण आहे. बाबा सामान घेऊन गेले त्या सकाळी तू त्याच पायरीवर दप्तर घेऊन बसली होतीस. मी सगळ्यांना सांगितलं, पोरगी शाळेत जायला निघालीय. त्या दिवशी रविवार होता. तू अंघोळीला गेल्यावर मी दप्तर उघडलं. आत दोन फ्रॉक होते आणि तुझा टूथब्रश. फ्रॉक कपाटात ठेवले, ब्रश परत पेल्यात उभा केला, आणि अठरा वर्षं त्याबद्दल तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही. तूही नाही बोललीस. तुझं म्हणणं मला माहीत नव्हतं असं नाही, खारे. मला ते ऐकायचं नव्हतं. तुला गमावण्याची फार भीती वाटत होती गं. वहीतलं ते पान सोबत जोडलंय, रकाना खोडून कोरा केलाय, परतीच्या पाकिटावर तिकीटही लावलंय. त्या सकाळी मी विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस ते तुझ्या अक्षरात लिही. मी त्यातला शब्दही बदलणार नाही. आणि वहीत जावं असं तुला वाटत नसेल, तर वर्ष गेलं तरी चालेल, पण मला सांग.

टाचण्या बाजूला ठेवून बसलेली,
तुझीच
आई