हिरव्या गाडीतली वही

कार्डिफ, ८ डिसेंबर

प्रिय बाबा,

फोन तुम्ही रागाने उचलत नाही, म्हणून हे पत्र. मी सुखरूप पोहोचले. तुमची गाडी वाटेत दोनदा तापली, पण ते मनावर घेऊ नका.

आज ती विकली. घेणारा माणूस भला आहे, कोंबड्या पाळतो. गाडी चालवू नका असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावूनही तुम्ही चावी पिठाच्या डब्यात लपवलीत, म्हणून वाईटपणा मला घ्यावा लागला.

गाडी रिकामी करताना पुढच्या कप्प्यात आजीची वही सापडली. जे नाताळचं गाणं पणजोबांनी रचलं, आपल्या घराशिवाय चर्चमध्ये कुणी म्हणायचं नाही, असं तुम्ही छाती फुगवून सांगता, त्याखाली आजीने स्वच्छ लिहिलंय, 'इद्वालच्या आईने शिकवलं. गाणं त्यांच्या घरचं.' आणि शेजारी तुमच्या अक्षरात, 'कुणाला दाखवू नये.'

धन्य आहे तुमची! शेजारच्या इद्वालकाकांनी एकदा ते गाणं म्हटलं, तर "चोर कुठला!" म्हणून एकवीस वर्षं अबोला? तोही कुंपणाला कुंपण असताना?

गुडघा कसा आहे? शेकता ना?

वही मी इद्वालकाकांनाच पाठवली आहे. त्यांचा भाऊ वारल्यापासून त्यांच्याकडे तुमच्यासारखं खर्जात गाणारं कुणी नाही. चर्च चार मैलांवर, आणि तुमच्याकडे आता गाडी नाही. आमचं फोनवर ठरलंय, रविवारी संध्याकाळी सहाला ते तुम्हाला न्यायला येतील. गळा साफ करून ठेवा.

चिडलेली, तरी तुमचीच,
नेस्ट