वळणावर लावलेली गाडी

३ नोव्हेंबर, सोम.
गाडी आली. पांढरी, वापरलेली, पण नेटकी. रिटायर झाल्यावर सात महिने नुसतं घेऊ-घेऊ चाललं होतं. सुमनच्या गुडघ्यांनी शेवटी निकाल लावला. ई-रिक्शाचे धक्के बंद करा म्हणून डॉक्टरांनी बजावलंय.
लावायची कुठे, हा प्रश्न घेतानाच मनात आला होता. मोठ्यानं बोललो नाही. आमची गल्ली एवढीशी. आमच्या घरापाशी वळते तिथेच काय ती जरा रुंद. पलीकडे पाच-सहा घरं, मग बंद. आजच्यापुरती वळणावर लावली. स्कूटर जाते बाजूनं. पाहिलं उभं राहून.

५ नोव्हें., बुध.
जागा शोधत फिरलो. लष्करी छावणीच्या रस्त्यावर झाडाखाली लावली, काय सावली! शिपाई आला, अदबीनं म्हणाला, "साहब, यहाँ नहीं।" बाजाराकडे तर विचारूच नये. लक्ष्मी तालाच्या, म्हणजे तळ्याच्या, बाजूला एक मोकळं मैदान आहे, तिथे हवी तेवढी जागा. चालत बारा मिनिटं. म्हणजे मला बारा. सुमनला पंचवीस, त्यात दोनदा टेकणं. मग गाडी घेतली कशाला?

८ नोव्हें., शनि.
तेव्हा वळणच.
गुप्ताजींशी वाजलं. पलीकडे त्यांचं घर, तळमजल्यावर किराणा मालाचं गोडाऊन. टेम्पो येतो. त्यांची स्वतःची गाडीही पांढरी, ती दाराशी उभी असते ते चालतं. मी म्हटलं, टेम्पो आला की हाक मारा, काढतो.
वळणापलीकडे अगदी समोर राहणारे चतुर्वेदीजी दारात उभे राहून ऐकत होते. कॉलेजात इतिहास शिकवायचे, आवाज चढवत नाहीत. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सबनीस जी, मोड़ पर मत लगाइए। कभी किसी को ज़रूरत पड़ जाए।" मी काही बोलायच्या आत घरातून त्यांच्या पत्नी, भाभीजी: "लगान दो। बिन्नू के घुटने पिरात हैं, तुमें का?"
सुमनला त्या बिन्नूच म्हणतात, धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. सतरा वर्षं. आम्ही क्वार्टर सोडून इथे आलो त्या दिवशी पहिला चहा त्यांच्याकडून आला होता.

१४ नोव्हें., शुक्र.
दोघींना महालक्ष्मीच्या देवळात नेलं. भाभीजी पुढे बसल्या, काच खाली करून. सगळ्या रस्ताभर ओळखीची माणसं शोधत होत्या, कुणीतरी बघावं म्हणून. तळ्याकाठी तिघं शेंगदाणे खात बसलो.
परत आलो तर वळणावर दुसऱ्याच कुणाची गाडी. तासभर गल्लीच्या तोंडाशी थांबलो. सुमन बिचारी लंगडत पुढे गेली.

२१ नोव्हें., शुक्र.
आज सुमनला ई-रिक्शानं देवळात पाठवलं. गाडी काढली की जागा जाते. ती म्हणाली, "मग ही गाडी कुणासाठी घेतली?" 

२७ नोव्हें., गुरु.
दिवसात तीनदा खाली उतरलो. तिन्ही वेळा गुप्तांचा टेम्पो. तो ड्रायव्हर हाक मारत नाही, हॉर्नवर हात ठेवून बसतो. तिसऱ्यांदा मी जेवत होतो. हात धुऊन उतरलो, गाडी मागे घेतली, परत लावली, भात गार. उद्यापासून आपण उठायचं नाही. बसू दे वाजवत.

२८ नोव्हें., शुक्र.
भाभीजी गेल्या.

२९ नोव्हें., शनि.
काल पुढे लिहवलं नाही.
सकाळी सव्वाअकराच्या सुमारास भाभीजींच्या छातीत दुखायला लागलं. चतुर्वेदीजींनी अँब्युलन्स बोलावली, ती लवकर आली. वळणापर्यंत आली. पुढे माझी गाडी.
मी किल्ली घेऊन उतरलो तेव्हा चौघांनी त्यांना चादरीत घालून आणलं होतं. माझ्या गाडीच्या नि भिंतीच्या मधल्या फटीतून, तिरपं करून. चादर आरशाला अडकली. गुप्ताजींनी सोडवली. भाभीजींचे डोळे उघडे होते. माझ्याकडे पाहिलं की नाही, सांगता येत नाही.
इस्पितळाच्या दारातच…
सगळे विचारत होते, कहाँ थे आप? मी म्हटलं, नहा रहा था।

१ डिसेंबर, सोम.
गाडी मैदानात नेऊन लावली. कुणी सांगितलं नाही. कुणी काहीच म्हणत नाही. गुप्तासुद्धा नाही.
वळणावर गुप्तांनी दोन विटा ठेवल्या आहेत, कुणी लावू नये म्हणून. ती मोकळी जागा खिडकीतून दिसते. खिडकी लावून घेतली.

२ डिसें., मंगळ.
इथे तरी खरं लिहितो.
मी न्हात नव्हतो. वरच्या खोलीत पेपर वाचत होतो. सुमन देवळात गेलेली. हॉर्न ऐकला. सायरन नव्हता, साधा हॉर्न, लांब-लांब. टेम्पोच वाटला. म्हटलं, वाजव. रोज मीच का उठायचं? पेपरचं पान उलटलं. कोणतं पान तेही आठवतंय.
मग हॉर्न थांबला. मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो. बरं वाटलं, जिंकल्यासारखं.
मग गल्लीतून माणसांचे आवाज यायला लागले. तेव्हा उठलो. किती मिनिटं? सहा-सात. आठही असतील.
न्हाण्याचं तोंडातून कसं निघालं माहीत नाही. अगोदर ठरवलं नव्हतं. पण ते सांगताना आवाज अगदी सरळ होता माझा.

६ डिसें., शनि.
सुमन रोज समोर जाते. चतुर्वेदीजींची मुलगी कानपूरहून आली आहे, तिला स्वयंपाकात मदत. आज आली ती रडून लाल. पाहुण्यांत कुणीतरी बाई म्हणाली, वो गाड़ी किसकी थी? सुमन म्हणाली, "हमारी। ये नहा रहे थे, इन्हें क्या पता चलता।" मला सांगून म्हणते कशी, "मी स्पष्ट सांगितलं. तुमच्यावर उगीच बोल यायला नको."
ताट पुढ्यात होतं. दोन घास खाल्ले. तिला कळू नये म्हणून तिसरा.

१० डिसें., बुध.
तेरावं. पंगतीत वाढलं मी. चतुर्वेदीजींच्या पानात पुरी घालताना त्यांनी वर पाहिलं, "आप भी बैठिए, सबनीस जी, खड़े-खड़े थक गए होंगे।"
बसलो.

१९ डिसें., शुक्र.
डॉक्टरांचं मत, झटका मोठा होता. मुलीनं विचारलं होतं, दस मिनट पहले आते तो? डॉक्टर म्हणाले, कह नहीं सकते। सुमनकडून कळलं. नाही म्हणाले असते तर… किंवा हो म्हणाले असते तरी. हे मधलं लोंबकळत राहतं.

२८ डिसें., रवि.
धुकं. मैदानातून चालत येताना रस्ता दिसत नव्हता. सुमनला आता कुठे न्यायचं तर मी आधी बारा मिनिटं चालत जातो, गाडी गल्लीच्या तोंडाशी आणतो, ती तिथवर येते. जमतं की! जरा लवकर निघावं लागतं, बस. दोन महिन्यांपूर्वी हे जमत नव्हतं.

४ जानेवारी, रवि.
वळणावर गाडी! विटा बाजूला सारून कुणीतरी लावलेली. चप्पल न घालता उतरलो. पलीकडच्या घरी आलेला पाहुणा, तरुण माणूस. "अंकल, बस दस मिनट।" मी त्याचा दंड धरला. काय बोललो आठवत नाही, पण ओरडत होतो. त्यानं घाबरून काढली.
चतुर्वेदीजी त्यांच्या दारात होते. आत गेले.

९ जाने., शुक्र.
सकाळी ते आले. मफलर गुंडाळलेला, दाढी वाढलेली. बरुआसागरला जायचंय, भाभीजींच्या भावाकडे. त्यांच्या साड्या आणि लहानसं काही वहिनीला द्यायचं आहे. बस से चला जाता, पर गठरी भारी है। मी म्हटलं, परवा नेतो.
त्याच गाडीतून. त्यांना दुसरी मागता आली असती, गुप्तांची. माझ्याकडेच आले.

११ जाने., रवि.
जाऊन आलो. सगळं नीट लिहायला हवं.
गाठोडं त्यांनी मागच्या सीटवर ठेवलं, डिकीत ठेवू दिलं नाही. शहर सुटेपर्यंत मागे वळून गाठोडं बघत होते. मग एकदम म्हणाले, "आपसे एक बात कहनी थी। किसी से कही नहीं। बेटी से भी नहीं।"
मला वाटलं, आता. एका परीनं हायसंच वाटलं.
पण ते म्हणाले, "हॉर्न मैंने बंद करवाया था।"
भाभीजी आत हॉर्ननं घाबरत होत्या, म्हणून ते धावत बाहेर आले, ड्रायव्हरला म्हणाले, मत बजाओ, मैं बुलाकर लाता हूँ। आणि गेले गुप्तांच्या दारी. गाडी पांढरी, त्यांच्या डोक्यात गुप्तांचीच. गुप्ता मागे गोडाऊनमध्ये, त्यांना शोधण्यात वेळ गेला. ते म्हणाले, मेरी तो यह खड़ी है।
"आपका दरवाज़ा सामने था, सबनीस जी। चार कदम। मैं ग़लत घर चला गया। चालीस साल लड़कों से कहता रहा कि घबराओ मत, ध्यान से पढ़ो, फिर लिखो। और ख़ुद गाड़ी नहीं पहचान सका।" मग: "हॉर्न बजता रहता तो आप नहाते-नहाते भी सुन लेते।"
रस्त्यावर बैलगाडी होती पुढे. मी तिच्याकडे बघत राहिलो.
"ऐसा मत सोचिए," एवढंच म्हणालो. एवढंच. तोंड उघडलं होतं, शब्द जिभेवर होता. ते खिडकीबाहेर बघत होते. शब्द गिळला.
भावाच्या घरी गाठोडं सोडलं, वहिनी एकेक साडी उलगडून रडली. परत निघताना त्यांनी बरुआसागरच्या तळ्यापाशी थांबवलं. तिथल्या किल्ल्याकडे पाठ करून दोघं पायरीवर बसलो. "आप हैं तो मन हल्का कर लिया," म्हणाले.

१२ जाने., सोम.
माझं ओझं तो माणूस वाहतोय. आणि माझे आभार मानतोय.
सांगितलं तर ते सुटतात. निदान त्या चुकीच्या दारातून तरी सुटतात. पण मग त्यांना कळणार की हॉर्न मी ऐकला होता. सतरा वर्षांनंतर समोरच्या घराशी बोलणं उरणार नाही. सुमनचंही.
नाही सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. हेच सगळ्यात वाईट आहे.

१४ जाने., बुध.
संक्रांत. सुमन तिळाच्या वड्या करत होती. सांगून टाकलं. उभ्या-उभ्या, स्वयंपाकघराच्या दारातून.
तिनं गॅस बंद केला. पाठमोरीच कढई उतरवली. मग म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत फिरले." परत, "त्यांच्या मुलीला मी सांगितलं. तिचा हात हातात घेऊन."
मी म्हटलं, चतुर्वेदीजी स्वतःला दोष देताहेत. बरुआसागरच्या रस्त्यावरचं सगळं सांगितलं. ती वळली. अशी तिनं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"
तीळगूळ तसाच कढईत. वड्या थापल्या नाहीत.

१६ जाने., शुक्र.
दोन दिवस बोलणं कामापुरतं. आज जेवताना विचारलं तिनं, "कधी सांगणार?" सांगणार का, असं नाही विचारलं.
म्हटलं, मुलगी सोमवारी येणार आहे, तिच्यासमोर…
"नाही. ती यायच्या आधी. ते एकटे असताना. त्यांना ओरडायचं असलं तर ओरडता यायला हवं."

१७ जाने., शनि.
सकाळी तीनदा जिन्यापर्यंत. परत वर.
काय म्हणायचं ते कागदावर लिहून पाहिलं. हिंदीत. चाळीस वर्षं हिंदीत कचेरी केली, अर्ज खरडले, भांडलो, आणि हे एक वाक्य बनेना. 'मैंने सुना था।' तीनच शब्द आहेत. त्यापुढे काय जोडावं? काही जोडलं की सारवासारव केल्यासारखं होतं. कागद फाडला.

१८ जाने., रवि.
पावणेदहा. ऊन आलंय. ते अंगणात खुर्ची टाकून बसलेत, एकटेच, पेपर मांडीवर, वाचत नाहीत.
सुमन म्हणाली, "मी येते." म्हटलं, नको, माझं मला बोलू दे. ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाही येत. मीही खोटं बोलले आहे त्या घरात."
जिना उतरताना कठडा धरून, एकेक पायरी. चपला घालून खाली दाराशी उभी आहे. हाक मारत नाही, नुसती उभी आहे.
निघतो.