लेथला हात लावू नका

ती. बाबांना नमस्कार.

मी बरी आहे, काम ठीक चाललंय. फोनवर तुम्ही "हो गं, हो" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहिते आहे.

माझ्या कंपनीने दिलेला कातकामाचा जुना लेथ कॉलेजच्या वर्कशॉपात पोचल्याचं आईकडून कळलं. माजी विद्यार्थ्यांनी स्वतः तो उतरवून घेतला, हेही. कॉलेजच्या व्यवस्थापनाला तो चालू दिसला तर तुमचा विभाग बंद करायचा विषय निघणार नाही, हे मला समजतं. पण तुम्ही म्हणे म्हणालात, "नुसता फिरवून तर बघू!"

बाबा, नुसता फिरवू नका. लोखंड पकडून फिरणारा त्याचा जड चक स्क्रूसारखा आट्यांवर बसतो. वायरी उलट जोडल्या गेल्या तर मोटर उलटी फिरेल, आणि चक सुटून अंगावर येईल. हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत.

कॉलेजात माझ्या वर्गात असलेला, आता वायरमन झालेला मुलगा रविवारी जोडणीला येतोय, पैसे न घेता. तुम्ही त्याला दोनदा वर्गाबाहेर काढलं होतंत, तरी येतोय.

आईचा गुडघा कसा आहे? वर्कशॉपच्या मेन स्विचचे फ्यूज तोवर तिच्याकडे द्या. "मिळाले" असा तिचा निरोप आला की मला झोप लागेल.

तुमची,
लेक