चौथ्या संघातून

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. गुडघ्याची सूज उतरलीय. जिना अजून जड जातो, ते आईला सांगू नकोस. बाबांचा खोकला कसा आहे?

गुडघा दुखावला त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या फुटबॉल क्लबच्या कर्णधाराने मला पहिल्या संघातून चौथ्यात ढकललं. सगळ्यांदेखत म्हणाला, “तू भाषणं ठोक, गोल आम्ही ठोकतो.”

काल क्लबच्या कर्णधार निवडायच्या सभेत मी भाषणच ठोकलं. खालच्या तिन्ही संघांनी माझ्या बाजूने हात वर केले आणि कर्णधार मी झालो.

जुन्या कर्णधाराला मी संघातून काढणार नाही. इतका चांगला खेळाडू आमच्याकडे दुसरा नाही. शिवाय संघाची यादी कर्णधार स्वतः लिहून फळ्यावर लावतो. दर शनिवारी त्याला आपलं नाव माझ्या अक्षरात शोधावं लागेल, आणि मी ते सगळ्यात शेवटी लिहिणार आहे.

तुझा, राग अजून न गेलेला,
धाकटा